सरळ रेघ ओढू नका
समलिंगी माणसांच्या तीन पिढ्यांचं वाढणं माहितीपटात आणायचा विद्यार्थ्यांचा बेत आवडला. पण ‘तेव्हा अंधार, आता उजेड’ अशी सरळ रेघ ओढू नका. सत्तरीपलीकडच्यांच्या तरुणपणी समलैंगिकता आजारांच्या यादीत होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने थेट १९९० मध्ये. पन्नाशीतले अनेकजण एड्सच्या धास्तीत वयात आले. विशीतल्यांना मोबाइलवर सोबती सापडतात, तरी घरी सांगताना जीभ अडखळतेच. तिघांनाही एकच प्रश्न विचारा: आपल्यासारखं आणखी कुणी आहे, हे पहिल्यांदा कधी कळलं? काळातला फरक उत्तरांतच दिसेल. (आणि तिघेही पुरुषच नकोत!)

संमतीचं मात्र गांभीर्याने घ्या. शूटिंगच्या दिवशी सही घेतली की झालं, असं नसतं. एडिट केलेला भाग दाखवून पुन्हा विचारा. एकदा इंटरनेटवर गेलेलं परत घेता येत नाही. बोलण्याच्या ओघात जुन्या जोडीदाराचं नाव येतं, त्याने कुठे होकार दिलाय? ते कापाच. आणि ज्येष्ठांच्या मुलाखती परीक्षेनंतर वगैरे ढकलू नका, त्या सगळ्यात आधी घ्या.