कागदी माणसावर नेम

गोळीबाराच्या पात्रता चाचणीची तारीख लागली म्हणून झोप उडवून घेऊ नका. कमरेला पिस्तूल लावणाऱ्या अनेक पोलीस अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा, खातं फारच कडक असलं तर दोनदा, हा सोपस्कार उरकावा लागतो. मधल्या काळात पिस्तुलाला उगाच हात लावू नये. सराव नसला की हात गंजतो म्हणणारे प्रशिक्षक दर पिढीत निघतात. यथावकाश तेही निवृत्त होतात.

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू केलीत तरी चालेल. पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर निघतंय ना, एवढं बघा आणि वर्षभराची धूळ झटका. बाकी पेपर फुटलेलाच आहे, कारण तो गेल्या वर्षीचाच आहे. तेच अंतर, तोच क्रम, तितक्याच गोळ्या. शिट्टी वाजली की सुरू, पुन्हा वाजली की बंद. आणि समोरचा कागदी माणूस म्हणजे नागरिक असावा तर असा! भरपूर उजेडात, छाती पुढे काढून, एका जागी उभा. पळत नाही, शिव्या देत नाही, अचानक खिशात हात घालत नाही. त्याच्या हातात मोबाइल आहे की हत्यार, हा पेच कधी पडत नाही, कारण बहुतेकदा त्याला हातच नसतात. त्याच्या मागून कोणाचं लेकरू धावत येत नाही. त्याच्यावर गोळी झाडावी की नाही, हा प्रश्न तर मुळातच नाही. झाडायचीच असते, शिट्टी वाजली आहे.

अनेक खात्यांत उत्तीर्णतेची रेषा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असते. उरलेल्या गोळ्या कुठे गेल्या, असं एखादा नवखा विचारतो. त्याला मागचा मातीचा बांध दाखवा. रस्त्यावर असा बांध नसतो, तिथे बसस्टॉप असतो, हे मात्र सांगत बसू नका. तो भाग अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. आणि नापास झालातच, तर लगेच दुसरी संधी मिळते. प्रशिक्षकालाही रांग संपवायची असते.

आकडे वाचायची खोड असेल तर ती आजच मोडा. रँड या संशोधन संस्थेने २००८ साली न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या तेव्हा पोलिसांच्या सरासरी १८ टक्के गोळ्या लागल्या. समोरून उत्तर आलं नाही तेव्हाही ३० टक्केच. तिथे चाचणी वर्षातून दोनदा होते, बरं का! ऑगस्ट २०१२ मध्ये याच शहरात एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन अधिकाऱ्यांनी एका बंदूकधाऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो ठार झाला, आणि ९ वाटसरू जखमी झाले, कोणी थेट गोळीने, कोणी उडालेल्या तुकड्यांनी. चूक अर्थात वाटसरूंचीच. बांधाच्या जागी उभं राहायला त्यांना कोणी सांगितलं होतं?

वाचायचंच असेल तर '२१ फुटांचा नियम' तेवढा पाठ करा. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्युलर यांनी सुराधारी माणूस धावत यायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहिलं आणि १९८३ साली लेख लिहिला. २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, तो दीड सेकंदात कापतो. धोका लवकर ओळखा, मागे सरा, आडोसा शोधा, असंही ते सांगत होते. पण तेवढं लक्षात ठेवायला वेळ कोणाला आहे? एका सरावातून आपण आकडा उचलला, '२१ फुटांच्या आत सुरा दिसला की गोळी झाडा' असा त्याचा नियम केला आणि आडोसा तिथेच सोडून आलो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९० सालच्या हवाना परिषदेनं बळाच्या वापराबद्दल मूलभूत तत्त्वं स्वीकारली. त्यांत पोलिसांना सतत आणि कसून प्रशिक्षण द्या, ठरलेल्या निकषांवर पारखा, हे आहेच. शिवाय मन वळवणं, वाटाघाटी, मध्यस्थी, जमाव कसा वागतो याची समज, हेही शिकवा म्हणतात. वाटाघाटी! आता सांगा, तोंडाने मिटवलेल्या भांडणाला किती गुण देणार? भोक कुठे मोजणार? ज्या अधिकाऱ्याने वर्षभर एकदाही पिस्तूल न काढता चाकूवाले शांत केले, त्याच्या चाचणीच्या वहीत दाखवण्यासारखं काही नसतं. तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

कोणी फारच शिकवायला लागलं तर नोकरीची वर्षं सांगा, समोरचा गप्प बसतो. एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटर इथे २६ वर्षं सेवा झालेल्या अधिकारी बाईंनी 'टेझर, टेझर' (टेझर म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार) असं ओरडत पिस्तुलाचा चाप ओढला आणि गाडीतला तरुण मेला. त्यांचं टेझरचं प्रशिक्षण झालेलं होतं, त्याची कागदपत्रं खटल्यात मांडलीही गेली. वर्षं भरलेली, सह्या झालेल्या, हात मात्र टेझर सोडून पिस्तुलाच्या बाजूला गेला. ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं.

आपण वरिष्ठ असाल तर आपलं काम आणखी सोपं. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की आधी सरावाच्या काडतुसांवर चालवा. न झाडलेली गोळी तक्रार करत नाही. न्यायालयं मात्र चोंबडी असतात. न्यू जर्सीतल्या मार्गेट शहरात पळणाऱ्या संशयितामागे धावताना पोलिसाची गोळी घरातून बाहेर आलेल्या निरपराध माणसाला लागली. दर सहा महिन्यांनी सराव होत होता, पण रात्रीचा, हलत्या लक्ष्याचा किंवा वस्तीतला नव्हे. असलं प्रशिक्षण ज्युरीला घोर अपुरं वाटू शकतं, असं न्यायालयाने १९७९ सालीच म्हणून ठेवलं. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कँटन शहराच्या खटल्यात सांगितलं, की प्रशिक्षणाकडे जाणूनबुजून डोळेझाक केली तर शहरालाही जबाबदार धरता येतं.

म्हणून वही जपा. हजेरी, गुण, प्रशिक्षकाची सही, सगळं जागच्या जागी हवं. गेल्या वर्षीच्या पानाची झेरॉक्स मात्र लावू नका. तारखेत घोळ दिसला की समोरचा वकील नेमका तिथेच नेम धरतो, आणि त्याचा सराव रोजचा असतो.