फॅट किती लागली?

परवा रविवारी दुपारी तीनचा शो बघून बाहेर पडलो तेव्हा मी खुशीत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या तासाभरात त्या खुशीचं जे काही झालं त्याला मी जबाबदार नाही. पिक्चरचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्हालाही मत असणार, आणि मतं ऐकून ऐकून सध्या माझे कान किटलेत. एक खून, एक इन्स्पेक्टर, दोन भाऊ आणि एक बंद पडलेलं घड्याळ, एवढं पुरे.

पिक्चर बघून आलेल्या माणसाला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय पचत नाही. बायको बरोबर आली नव्हती. "दोन महिन्यांत मोबाईलवर येतोय, कशाला पैसे घालवायचे?" हे तिचं प्रत्येक पिक्चरबद्दलचं मत. म्हणून गाडी घराकडं न नेता गंगावेशीच्या दूधकट्ट्याकडं वळवली.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडं कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात. गवळीमामा तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसानं काठोकाठ भरलेला ग्लास तुमच्या हातात येतो. पूर्वी तालमीतली पोरं जोर-बैठका मारून यायची आणि दूध पिऊन जायची. आता जोर-बैठका गेल्या, दूध राहिलंय. दुधाबरोबर फुटबॉल, महापालिका, जावयाची नोकरी आणि पिक्चर हे विषय फुकट मिळतात.

गेलो तर काय, तिथं चारपाच जण नेमकं त्याच पिक्चरवर बोलत होते! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी गाडी स्टँडला लावली, मिशीवरनं हात फिरवला आणि घसा साफ केला.

"आत्ताच बघून आलोय," मी म्हणालो.

माझी अपेक्षा होती की सगळे वळून बघतील, कुणीतरी बसायला जागा करून देईल. एकानं "हं" केलं आणि बाकीचे परत त्याच पिक्चरवर बोलायला लागले. त्यांच्यातल्या एकानंही तो बघितलेला नव्हता. हे मला पाचव्या मिनिटाला कळलं.

एवढ्यात म्हशीखालनं आवाज आला, "बघून आलाय व्हय? मग सांगा की. फॅट किती लागली?"

मामा दिसत नव्हते. दिसत होती ती फक्त पाठ, टोपीचा मागचा भाग आणि म्हशीच्या पोटाला टेकलेलं डोकं. धारेचा चर्र चर्र आवाज चालूच होता.

"आँ?"

"पिक्चरला ओ. फॅट किती?"

"मामा, पिक्चरला कुठली फॅट?"

धार थांबली. म्हशीच्या पोटाआडनं अर्धा चेहरा बाहेर आला. गणिताचे मास्तर पाढे न येणाऱ्या पोराकडं बघतात तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हे बघा पावणं. सकाळी मी डेअरीत दूध घालतो. मशीनवर फॅट लागती, एसएनएफ, म्हंजे फॅट आन पाणी सोडून दुधात उरतंय ते, लागतं, आकडा येतो, पावती निघती, गप घरला जायचं. तिथं कोण म्हणतंय का, दूध मनाला भिडलं न्हाई म्हणून?"

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर हा मुद्दा मला पटायला लागला होता.

"फॅट म्हंजे हिरो, मारामारी, गाणी. वर तरंगतंय ते. एसएनएफ म्हंजे स्टोरी. आता सांगा."

"पहिला भाग चांगला आहे," मी म्हणालो. "पकड घेतो. इंटरव्हलनंतर जरा संथ..."

"पाणी."

"पाणी असं नाही मामा, थोडा संथ वाटतो, कारण दिग्दर्शकाला पात्रांच्या मनातलं..."

"तेच ते. पाणी घातलं की संथच हुतंय." परत चर्र चर्र सुरू झालं. "इंटरव्हलपतोर किती धरायची?"

"किती म्हणजे... सात?"

"साडेसात धरूया. रविवार हाय. आन फुडं?"

"पाच."

"पाच न्हाई लागत. तुमचं तोंडच सांगालंय. चार." मग थोडं थांबून, धंद्यातलं गुपित सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "म्हंजे म्हशीत गाय मिसळलीया."

दोन हजार शब्दांचं परीक्षण लिहिणाऱ्या एकाही समीक्षकाला हे वाक्य सुचलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यावेळी मला त्याचं कौतुक वाटलं नाही. मला राग आला. मी २८० रुपयांचं तिकीट काढलं होतं. तिकीट शंभराच्या वर गेलं की सरकार १८ टक्के जीएसटी घेतं. वर ऑनलाइन काढल्याबद्दल सुविधा शुल्क वेगळं. तिकीट मी काढलं, बटणं मी दाबली, सुविधा नक्की कुणाची झाली, हे आजवर समजलेलं नाही. पॉपकॉर्न ३४० रुपये, म्हणजे मक्याचे दाणे पिक्चरपेक्षा महाग. एवढं सगळं भरून मी दोन तास चाळीस मिनिटं बसलो, आणि माझ्या मताची किंमत म्हशीच्या मागून ठरत होती. उघड्या दुधावर जीएसटी नाही. मतावरही नाही. लावायला पाहिजे.

कोपऱ्यात बाकावर एक आजोबा बसले होते. "भालजी गेले आणि पिक्चर संपला," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी माझ्यादेखत तीनदा म्हटलं. ऐतिहासिक पिक्चर काढणारे भालजी पेंढारकर गेले १९९४ साली. म्हणजे आजोबांचं मत तीस वर्षांहून जास्त काळ तेच आहे आणि त्यासाठी त्यांना एकदाही तिकीट काढावं लागलेलं नाही. "आमचे वडील भालजींच्या पिक्चरमध्ये मावळे होते," त्यांनी पुढं सांगितलं.

असतील. कोल्हापुरात असं घर सापडणार नाही ज्यातलं कुणी ना कुणी भालजींच्या पिक्चरमध्ये भाला घेऊन पळालेलं नाही. माझे स्वतःचे चुलत आजोबा डावीकडून चौथे होते म्हणतात. सगळ्यांचे सांगितलेले मावळे एकत्र केले आणि ते त्या रात्री सिंहगडावर असते, तर सूर्याजीला दोर कापायची गरजच पडली नसती.

या गावाचं दुखणं हेच आहे. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. १९२० साली 'सैरंध्री' काढला आणि टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी इथं सुरू झाली, 'अयोध्येचा राजा' इथंच झाला. मग १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. ती का गेली यावर कट्ट्यावर अजून भांडणं होतात, जणू काही मागच्या आठवड्यात टेम्पो भरून सामान गेलंय. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पत्ता सांगतानाही आम्ही व्हीनस कॉर्नर आणि उमा टॉकीज चौक असंच सांगतो. पिक्चर आमच्या रक्तात आहे, हे खरंच. पण रक्तात आहे म्हणून बघायला जायचं काही कारण उरलेलं नाही, असा आमचा समज झालाय. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी आंदोलन झालं तेव्हा मीही तिथं पाच मिनिटं उभा राहून आलो होतो. फोटोही काढला. परवाच्या शोला मात्र मी डोकी मोजली. रविवार असून एकतीस. त्यातली नऊ मोबाईलच्या उजेडात स्पष्ट दिसत होती, म्हणून मोजायला सोपी गेली.

असो. मी कट्ट्यावरच होतो.

आता एक पोरगं पुढं आलं. अंगात पेठेतल्या फुटबॉल संघाची जर्सी, एका हातात दुधाचा ग्लास, दुसऱ्या हातात मोबाईल.

"काका, तुम्हाला एंड कळला का?"

काका. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पण ठीक आहे.

"कळला की. धाकट्या भावानं..."

"धाकट्यानं न्हाई ओ."

"अरे, मी बघून आलोय!"

"मी पण एक्सप्लेनचा व्हिडिओ बघितलाय. अकरा मिनिटांचा. त्यातलं पण दोन मिनिटं फॉरवर्ड मारलं." त्यानं दुधाचा घोट घेतला, वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. "घड्याळ कुणाच्या हातात हुतं? दवाखान्याच्या सीनला?"

दवाखान्याचा सीन. मी आठवायला लागलो. इन्स्पेक्टर आठवत होता, पाऊस आठवत होता, विहिरीजवळचं भांडण आठवत होतं. दवाखाना काही केल्या आठवेना.

इथं मला एक गोष्ट कबूल करावी लागेल. रविवारी आमच्याकडं मटण असतं. तांबडा-पांढरा दोन्ही. पांढरा रस्सा मी वाटीनं मोजत नाही. त्यावर थिएटरमधला एसी, मागं कलणारी खुर्ची आणि इंटरव्हलनंतरचा तो संथपणा. माझा डोळा लागला असेल. दहा मिनिटं. फार तर वीस.

"दवाखान्याचा सीन..." मी म्हणालो, "तो तसा फार महत्त्वाचा नाही."

"सगळा पिक्चर तिथंच हाय की!" पोरगं ओरडलं. "थोरल्यानं धाकट्याचं घड्याळ घातलंय. तिथंच विषय हार्ड!"

सगळा कट्टा माझ्याकडं बघायला लागला. मघाशी "आत्ताच बघून आलोय" म्हटल्यावर जे बघायला पाहिजे होतं, ते आत्ता बघत होते. धार परत थांबली. या वेळी मामा पूर्ण उभे राहिले. गुडघे कडकड वाजले.

"झोपला हुता व्हय?"

"नाही... म्हणजे थोडा..."

"बघा," मामा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "दूध पिऊन झोप आली तर दूध झ्याक. पिक्चर बघून झोप आली तर?" कुणीच बोललं नाही. "माल परत. साडेसात पण कमी करा त्यातलं. ह्येंनी निम्मं बघितलंच न्हाई."

मी बाजू मांडायचा प्रयत्न केला. झोप मला पिक्चरमुळं नाही, पांढऱ्या रश्शामुळं लागली, यात दिग्दर्शकाचा काही दोष नाही, असं मी म्हटलं. पण त्याबरोबर विषय पिक्चरवरून रश्शावर गेला. पांढऱ्यात नारळाचं दूध किती आणि मटणाचं पाणी किती, यावर आजोबांनी तोंड उघडलं, भालजी मागं पडले, आणि तिथं जमलेल्या प्रत्येकानं तो रस्सा खरोखर खाल्लेला असल्यामुळं चर्चा एकदम दर्जेदार झाली. मला तिथंही कुणी बोलू दिलं नाही.

खरं सांगू? त्या पोराचा मला फार राग आला नाही. त्याला निदान दवाखाना माहीत होता. राग आला तो स्वतःचा, आणि पॉपकॉर्नवाल्याचा. पण एक गोष्ट अजून डोक्यातनं जात नाही. त्या पोरानं अकरा मिनिटांत, त्यातली दोन फॉरवर्ड मारून, शेवट सांगितला. तो बरोबर होता. मी दोन तास चाळीस मिनिटं बसून चुकीचा भाऊ घेऊन घरी चाललो होतो. मात्र विहिरीजवळच्या भांडणात इन्स्पेक्टर एकही शब्द न बोलता भिजत उभा राहतो, आणि अख्ख्या थिएटरात फक्त पावसाचा आवाज येतो, ते त्या अकरा मिनिटांत नव्हतं. मी विचारलं त्याला. "तिथं काय घडत न्हाई की," तो म्हणाला. तेच सांगायला तर मी कट्ट्यावर आलो होतो. तेवढंच राहिलं.

ग्लास संपवला, पैसे दिले. मामा नवीन म्हशीखाली बसले होते. "पुढच्या वेळी उपाशी पोटानं जावा," आतून आवाज आला.

घरी पोचलो. बायको टीव्हीसमोर शेंगा सोलत होती. "कसा होता?" तिनं न बघताच विचारलं.

मी दमलो होतो. पाऊस, विहीर, इन्स्पेक्टर, काहीच सांगायची ताकद उरली नव्हती.

"इंटरव्हलपर्यंत साडेसात," मी म्हणालो. "पुढं चार."

तिचे हात थांबले. "साडेसातला इंटरव्हल?"

"अगं नाही..."

"अहो, शो तीनचा होता ना? आणि साडेसातला इंटरव्हल झाला तर पावणेसातला तुम्ही गंगावेशीत काय करत होता? वन्संनी बघितलंय तुम्हाला. दूध पीत होता म्हणे." शेंगांची टोपली बाजूला ठेवून ती माझ्याकडं वळून बसली. "पिक्चरला गेला होता की नाही, तेवढं आधी सांगा."