झेरॉक्सवाल्या काकाचं उत्तर

‘लाईव्ह सीडी अजून कपाटात का ठेवावी’ या माझ्या मागच्या लेखावर ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. (लाईव्ह सीडी म्हणजे हार्डडिस्कवर काही न घालता थेट सीडीवरूनच चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम.) खालीच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण लांबलं. आधी ती प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, नाहीतर मी मोडतोड केली म्हणायला मोकळे:

‘काका, लाईव्ह सीडीचा जमाना गेला. सीडीवरून सिस्टीम चालत नाही, रांगते. सीडी ७०० एमबीची असते, ६५० नाही. “हार्डडिस्कला हातही लागत नाही” हे तुमचं वाक्य तर धोकादायक आहे. विंडोज फास्ट स्टार्टअपने बंद झालेलं असताना लाईव्ह सिस्टीममधून त्या पार्टिशनवर कोणी लिहिलं तर डेटा जाऊ शकतो. असो, झेरॉक्सच्या दुकानात बसून ऑपरेटिंग सिस्टीम कळत नसते.’

७०० एमबीचं बरोबर आहे. ७४ मिनिटांच्या सीडीत ६५० मावतात, ८० मिनिटांच्या सीडीत ७००, आणि मी ज्या नॉपिक्स नावाच्या लाईव्ह सीडीबद्दल लिहिलं ती ७००च्या सीडीवर येत असे. चूक माझी. मान्य करायला मला कधीच जड जात नाही.

आता ‘काका’. आमच्या इंदुरात भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कोणालाही काका म्हणतात आणि कोणाला राग येत नाही. पण काका म्हणण्याचे सूर असतात. रामबागेत सकाळी पोह्यांच्या गाडीवर ‘काका, जरा सरकता का’ म्हणणारा मुलगा वेगळा, आणि तुम्ही म्हणालात ते वेगळं. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांशी असंच बोलतात का? विचारलं आपलं. आणि निदान खरं नाव तरी घालायचं, त्याला काही पैसे पडत नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल. होतं माझं दुकान. एकोणीस वर्षं चालवलं. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि डीटीपी. त्यातलं डीटीपी म्हणजे लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांच्या स्मरणिका. अर्ध्या इंदूरच्या मराठी मुहूर्तांचं प्रूफ मी वाचलं आहे.

२००४ साल, अक्षय्य तृतीया आठवड्यावर आलेली. चार पत्रिका आणि एक स्मरणिका एकाच मशीनमध्ये. त्या दिवशी लाईट तीनदा गेली, आणि यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. तिसऱ्यांदा लाईट आल्यावर काळ्या पडद्यावर एकच ओळ: ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाइलच गायब. जेल रोडवरून मेकॅनिक आणला. त्याने खुर्चीवर बसण्याआधीच निकाल दिला, ‘फॉरमॅट मारना पडेगा’. मी म्हटलं, आत चार नवऱ्यामुली आहेत. तो म्हणाला, बॅकअप रखना था ना. (हे वाक्य जगातल्या सगळ्या मेकॅनिकांना जन्मतःच येत असावं.)

त्याला चहा पाजून वाटेला लावला. एका इंग्रजी संगणक मासिकाबरोबर फुकट आलेली नॉपिक्सची सीडी कपाटात पडून होती. क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन माणसाने २००० साली ही सुरू केली, पाया डेबियनचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका अवताराचा. जर्मन उच्चार क्नॉपिक्स. आमच्याकडे ‘क’ कोणी कष्टाने लावत नसे. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन सीडीला पहिला नंबर दिला, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी स्पीकरमधून बाई बोलल्या, ‘इनिशिएटिंग स्टार्टअप सीक्वेन्स’. दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून दोन पावलं मागे सरकलं. समोर पूर्ण डेस्कटॉप, आणि त्यावर माझ्या मेलेल्या म्हणवल्या गेलेल्या हार्डडिस्कचं चिन्ह. क्लिक केलं तर सगळी फोल्डरं जागच्या जागी.

पेनड्राइव्ह होता १२८ एमबीचा. स्कॅन केलेले गणपती भलतेच जड, त्यामुळे शेजारच्या सायबर कॅफेपर्यंत सहा खेपा झाल्या. रात्री साडेअकराला पाचही कामं सुखरूप. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू (तळलेला कंद) खाल्ले असते, पण तो मोसम थंडीचा. भुट्ट्याच्या किसावर भागवलं.

तर ‘हातही लागत नाही’ हे वाक्य त्या रात्रीतून आलं आहे. नॉपिक्स तेव्हा हार्डडिस्कचे भाग उघडायची ते फक्त वाचण्यासाठी. आणि एनटीएफएसवर, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं तिच्यावर, लिनक्समधून भरवशाने लिहिण्याची सोयच नव्हती. ती सोय देणाऱ्या एनटीएफएस-३जी या प्रोग्रामची पहिली स्थिर आवृत्ती आली २००७ साली. मी लिहायचं म्हटलं असतं तरी लिहू शकलो नसतो. याला हात न लागणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात? फास्ट स्टार्टअप विंडोज ८ बरोबर आलं, २०१२ साली. त्याच्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, हे मलाही ठाऊक आहे. एनटीएफएस-३जी अशा झोपलेल्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं, फक्त वाचू देतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मुद्दाम जबरदस्ती करून कोणी लिहिलं तर त्याला सीडी काय करणार? तो विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

‘रांगते’ म्हणालात. रांगतेच. ५२एक्सचा ड्राइव्ह म्हणजे १५० केबी गुणिले ५२, पण तो वेग मिळतो फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला, आणि मध्येच दुसरीकडची फाइल हवी झाली की ड्राइव्हचा लेसरचा डोळा सरकायला सेकंदाचा दहावा भाग जातो. हार्डडिस्कला त्याच्या दहाव्या हिश्शात जमतं. त्यात दोनेक जीबीचा ऐवज दाबून ७००मध्ये बसवलेला, तो प्रत्येक वेळी उलगडायचा. भरपूर रॅम असेल तर सुरू होताना ‘टूरॅम’ लिहून सगळी सीडी रॅममध्ये ओढता येते, मग रांगणं थांबतं. माझ्याकडे तेव्हा २५६ एमबी रॅम होती. रांगली, पण पोचली. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो हे तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणायला हवं होतं; तो मुद्दा यापेक्षा चांगला होता. सीडीची तीच इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल, पेनड्राइव्हवर चढवा, काम तेच.

ज्याच्या चार पत्रिका अडकल्या नाहीत त्याने दुकानावर बोलू नये. एवढंच.

लेखात ६५०चं ७०० केलं आहे. ‘हार्डडिस्कला हातही लागत नाही’ या वाक्यात ‘सहसा’ हा शब्दही घातला आहे. तो मी आधीच घालणार होतो.