दाब कमी का केला नाही: आमच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल दुकान बंद करताना वाचला. बाबांना सीपॅपचा (झोपेत घसा मिटून श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) त्रास झाला, रात्री उठून बसावं लागलं, घरच्यांचीही झोप मोडली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. चवथीच्या दिवसांत फोन लागला नाही हेही खरं. तेव्हा दुकान बंद होतं आणि मी सत्तरी तालुक्यात गावच्या घरी होतो. तिथे रेंज धड मिळत नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून फार लागलं. "सीपॅप मशीन खराब दिलं. बाबांचं पोट सकाळी टम्म फुगलेलं असतं, दिवसभर ढेकर. दाब कमी करा म्हटलं तर दुकानदार ऐकत नाही, कारण त्याला बारा हजारांनी महाग मशीन गळ्यात मारायचंय. फसवणूक." गोवा केवढा! पेडण्यात कोणी काही बोललं की काणकोणात कळायला वेळ लागत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी शब्दावर येतो, त्यामुळे याचं उत्तर सविस्तर देणं मला भाग आहे. बाबांच्या तब्येतीचं तुम्ही स्वतःच इथे मांडलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो.

आधी मशीन. तुमचा फोन आल्यावर भर पावसात मी फोंड्याहून तुमच्या घरी आलो. तुमच्यासमोर मास्क काढून नळीच्या टोकाला मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) जोडला. डॉक्टरांनी दाब १३ लिहिला होता, मशीन १३ वर लावलेलं होतं आणि काटाही १३ वरच थांबला. हा दाब सेंटीमीटर पाण्यात मोजतात आणि अशी मशीनं साधारण ४ ते २० पर्यंत चालतात. मशीन खराब असतं तर काटा हलला असता, किंवा खाली तरी राहिला असता. तुम्हीही वाकून बघितलंत.

मग पोटात हवा का जाते? घशाच्या मागे दोन वाटा आहेत, एक फुप्फुसाकडे, दुसरी अन्ननलिकेकडे. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू एरवी घट्ट मिटलेला असतो. झोपेत तो सैल पडतो, आणि मास्कमधून येणाऱ्या हवेचा दाब त्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की हवा तिकडे शिरते. ज्यांना ॲसिडिटी आहे, जेवण वर येतं, त्यांना हे जास्त होतं. नाक चोंदलेलं असेल किंवा तोंड उघडं राहून हवा गळत असेल, तर तोंड कोरडं पडतं, माणूस सारखा गिळतो आणि गिळताना हवाही आत जाते. डॉक्टर याला एरोफॅजिया म्हणतात. सीपॅप वापरणाऱ्या बऱ्याच जणांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होतो, मशीन कोणत्याही कंपनीचं असो, कुठूनही घेतलेलं असो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. मशीन देताना मी रॅम्प चालू करून दिला होता, म्हणजे सुरुवातीला दाब हलका राहतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वर चढतो. घरी आलो तेव्हा रॅम्प बंद होता. घरातल्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघून मेनूत हात घातला होता, असं बाबाच म्हणाले. म्हणजे जागेपणीच पूर्ण १३ चा दाब तोंडावर येत होता, आणि जागा माणूस तेव्हा घाबरून हवा गिळतोच. मी रॅम्प पुन्हा लावून दिला. तुमच्या अभिप्रायात याचा उल्लेखही नाही.

आता दाबाचं. तुम्ही म्हणालात, "१३ चा १० करा, दोन बटणांचं तर काम." बटणं दोनच आहेत, मान्य. पण तो आकडा मी ठरवलेला नाही. स्लीप स्टडीच्या रात्री अंगाला तारा लावून, दाब थोडा थोडा वाढवत, कुठल्या आकड्यावर श्वास अडायचा थांबतो हे बघून तो ठरतो. तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडत असेल तर आजार गंभीर धरतात. अशा माणसाचा दाब मी माझ्या मनाने खाली आणला तर गॅस कदाचित थांबेल, पण घसा पुन्हा मिटायला लागेल. पोट फुगलेलं सकाळी कळतं; ऑक्सिजन उतरलेला झोपलेल्या माणसाला कळत नाही. शिवाय बाबांना बीपी आहे, हे तुम्हीच इथे लिहिलंय. मी मशीन विकणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. म्हणून एवढंच मागितलं की डॉक्टरांकडून नवा आकडा लिहून आणा. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला असता तरी त्याच संध्याकाळी येऊन फुकट बदलून दिला असता. ती चिठ्ठी अजून आलेली नाही.

आणि ते महाग मशीन. विषय मी काढला नव्हता. "याच्यावर दुसरा उपाय काय?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी ऑटो मशीनचं सांगितलं. ते रात्रभर एकच दाब देत नाही, गरज पडेल तेव्हाच वर चढतं, त्यामुळे काहींना पोटाचा त्रास कमी होतो. "काहींना" हा शब्द मी तेव्हाही वापरला होता. विकत घेऊ नका, आधी महिनाभर भाड्याने वापरून बघा, पुढे घेतलंत तर भाडं किमतीतून वजा करतो, हेही तुमच्या आईंसमोर बोललो होतो. गळ्यात मारणारा माणूस असं बोलेल का?

तोपर्यंत करून बघण्यासारखं बरंच आहे. उताणं न झोपता डाव्या कुशीवर झोपवा. उशांवर उशा रचल्या की मान मुडपते, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, त्यावर सोडा नको. (टेबलावर बाटल्या दिसल्या होत्या. वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्याच घरात कसं टोकणार, म्हणून गप्प राहिलो.) नाक चोंदत असेल, ॲसिडिटी असेल तर त्याचं औषध डॉक्टरांकडून घ्या. बाबांच्या मशीनमध्ये श्वास सोडताना दाब जरा उतरवण्याची सोय आहे, तीही डॉक्टरांना विचारून लावता येईल. पोटात फार दुखलं, उलट्या झाल्या तर मात्र माझी वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि गॅस होतो म्हणून मशीन बंद करून ठेवू नका, एवढी हात जोडून विनंती.

यापुढे मशीन देतानाच पोटाच्या या त्रासाबद्दल नीट सांगू, मराठीतून एक कागदही द्यायचा विचार आहे. सणासुदीला फोनचंही काहीतरी बघतो.

शनिवारी दुपारी एकपर्यंत दुकान उघडं असतं. मशीनमधलं कार्ड आणि मास्क घेऊन या, मास्क कुठे गळतो ते बघून देतो, पैसे लागणार नाहीत. अभिप्रायात तारा एकच ठेवायचा तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. पण "फसवणूक" हा शब्द तेवढा काढा ताई. तसं आम्ही कोणाशीच वागलेलो नाही.