निअँडरथल म्हणजे मुडदूस झालेली माणसं? मुळीच नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज परवा माझ्या भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरला, म्हणून हे लिहावं लागतंय. विषय निअँडरथल, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेले आदिमानव. मेसेज म्हणतो: निअँडरथल ही वेगळी मानवजात नव्हतीच. ती मुडदूस आणि संधिवात झालेली, कुबडी, मंदबुद्धी माणसं होती. महाप्रलयात बुडून मेली. आपला त्यांच्याशी काडीचा संबंध नाही.

मुडदुसाचं मत रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी 1872 साली मांडलं, तेव्हा जीवाश्मच मोजके हाती होते. आज तेच उगाळत बसण्यात काय अर्थ? मुडदुसात ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडतात आणि वजनाने वाकतात. निअँडरथलच्या मांडीचं हाड बाकदार असतं खरं, पण ते चांगलं जाड आणि दणकट असतं. शिवाय भुवयांवरचा हाडाचा ठळक कंगोरा, हनुवटीचा अभाव, मागे फुगलेली लांबट कवटी, यातलं काय मुडदुसाने होतं ते सांगा! 1997 साली जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पेबो यांच्या चमूने तर 1856 मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात सापडलेल्या त्या मूळ सांगाड्याच्याच दंडाच्या हाडातून, आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघरांचा) डीएनए काढला. आजच्या माणसांमध्ये त्याचे जेवढे म्हणून प्रकार आढळतात, त्या सगळ्यांपेक्षा तो वेगळा निघाला. मुडदुसाने डीएनए बदलत नाही.

संधिवाताचं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सां इथे 1908 साली सापडलेल्या म्हाताऱ्याला संधिवात होताच. पण त्या एकावरून सगळी जात वाकलेली ठरवली गेली, आणि ती चूक 1957 मध्येच दाखवून दिली गेली. ते आपल्यासारखेच ताठ चालत.

मंदबुद्धी म्हणावं, तर त्यांचा मेंदू सरासरी आपल्याएवढाच होता. इराकमधल्या शानिदार गुहेतला एक निअँडरथल निकामी हात आणि जायबंदी डोळा घेऊन कित्येक वर्षं जगला, तो सोबत्यांच्या आधाराशिवाय जगला असेल?

प्रलयाचा तर पुरावाच नाही. सुमारे 40,000 वर्षांपूर्वी ते संपले, तेही एका फटक्यात नव्हे, ठिकठिकाणी वेगवेगळ्या काळात. टोळ्या लहान आणि विखुरलेल्या होत्या. सायबेरियातल्या एका निअँडरथल स्त्रीचे आईवडील सावत्र भावंडांइतक्या जवळच्या नात्यातले निघाले. नेमकं कारण कोणतं, यावर संशोधकांचं एकमत नाही.

आणि संबंध नाही म्हणता? आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत सुमारे दोन टक्के वाटा त्यांचा आहे. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा त्यांच्याकडूनच आलाय, आणि 2020 च्या संशोधनानुसार तो दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांमध्ये आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्या आमच्या नातेवाइकांपैकीही कित्येकांत तो असणार.