फाटकावरचा दिवा

रात्री कुलूप उघडताना चाचपडावं लागू नये म्हणून फाटकावर एक दिवा लावायचा, एवढंच ठरलं होतं. टेपने मोजलं, घरापासून बरोबर 30 मीटर. माळ्यावर घराच्या वायरिंगमधून उरलेलं पांढऱ्या केबलचं वेटोळं धूळ खात होतंच. काम फुकटात होतंय म्हटलं की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. तो कुठल्याही कॉलेजात गेलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

केबल कुंपणावरून नेली. पहिलं वर्ष झोकात गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात सहज बोट लावलं तर आवरण वाळक्या सालीसारखं तडकलं आणि आतली वायर डोकावून माझ्याकडे बघू लागली.

"घरातली केबल आहे साहेब, हिला ऊन सोसत नाही," वायरमन म्हणाला. बाहेरच्या केबलच्या आवरणात कार्बन घालतात, तो उन्हातले अतिनील किरण झेलतो. म्हणून ती काळी. मी इतकी वर्षं समजत होतो, काळा रंग मळखाऊ म्हणून देतात.

"मग हीच पाइपात घालून पुरू."

"पाइपात दव साठतं. बाहेरचं पाणी शिरलं नाही तरी ही पाण्यातच झोपणार."

शेवटी आर्मर्ड केबल आली. आत तांबं, त्यावर एक्सएलपीई नावाच्या प्लास्टिकचं वेष्टन, मग पोलादी तारांचं चिलखत आणि वर काळं आवरण. चिलखत अर्थ करायचंच, म्हणजे जमिनीशी जोडायचंच, यावर वायरमन अडून बसला. उद्या कुदळ लागलीच, तर करंट चिलखतातून अर्थला जातो आणि ब्रेकर पडतो. कुदळवाला पडत नाही.

मग जाडीचा घोळ. एका दिव्याला दीड चौरस मिलिमीटर खूप झाली. पण घरात पंपाचा विषय निघाला. जाऊन-येऊन 60 मीटर तांबं, पंपाने 10 अँपिअर ओढले की दीडच्या केबलमध्ये सातेक व्होल्ट वाटेतच गळणार, अडीचच्यात साडेचार. नसलेल्या पंपासाठी अडीचची घेतली.

ती उलगडताना कळलं की चिलखत घातलेला कुणीही सहजासहजी वाकत नाही. एक टोक पायाखाली दाबलं की दुसरं उसळून नडगीवर येई. पाऊण मीटर खोल चर, तळाला वाळू, केबल, पुन्हा वाळू, वर विटा, त्यावर धोक्याची पट्टी. सगळं शास्त्रशुद्ध.

फक्त केबल संपली. मी मोजले ते सरळ रेषेतले 30 मीटर. भिंतीवरून खाली उतरायचं, चरात शिरायचं, झाडाला वळसा घालायचा, पुन्हा वर चढायचं, हे टेपने मला सांगितलं नव्हतं.

"जोड देऊ या?" मी हळूच विचारलं.

"देता येतो. पण पाणी शिरायला पहिली जागा तीच."

तेव्हा दिव्याचा खांब फाटकाच्या सहा हात अलीकडे रोवला. प्रकाश झकास पडतो. फक्त कुलपासमोर उभं राहिलं की दिवा पाठीमागे येतो, आणि कुलपावर नेमकी माझी सावली पडते.