‘पाहिलेलं 30 टक्के लक्षात राहतं’ : या तक्त्याचं काय करायचं?

पुण्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक तक्ता फिरतोय: वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, पाहिलं आणि ऐकलं की 50. म्हणून सगळे धडे अ‍ॅनिमेशनमध्ये आणा.

आधी आकडे. तक्त्याखाली नाव अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं असतं. डेल यांनी 1946 साली ‘अनुभवांचा शंकू’ (शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षाकडून अमूर्ताकडे रचलेली आकृती) मांडला खरा, पण त्यात एकही टक्का नव्हता. ते नंतर चिकटवलेत. शिवाय सगळे आकडे दहाच्या पटीत! प्रयोगवहीत असं दिसलं असतं तर आपणच लाल पेन काढलं असतं.

‘पाहिलं आणि ऐकलं की 50’ यावर विसंबून निवेदनातलं वाक्यन् वाक्य पडद्यावरही लिहितात. मग मुलांचे डोळे ओळी वाचत बसतात आणि चित्र बघायचं राहून जातं. चित्रासोबत आवाज पुरे. पावसाच्या धड्यात लेखी फक्त ‘पर्जन्यछाया’ (डोंगराआडचा कमी पावसाचा भाग) असा एखादा शब्द, तोही चित्रातल्या त्या जागेला चिकटून. ऐकू कमी येणाऱ्या किंवा भाषेत नवख्या मुलांसाठी मात्र पूर्ण मजकूर हवाच. पार्श्वसंगीत आणि हसरे ढग काढून टाका.

राहिलं ‘हलतं ते चांगलं’. कंपासने कोन दुभागणं, गाठ मारणं अशी हाताची कामं हलत्या चित्रात खरंच छान कळतात. प्रतिरोध पावसाचं, म्हणजे डोंगराने वारा अडवल्यामुळे पडणाऱ्या पावसाचं, तसं नाही. चाळीस सेकंदांत वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्री चढतो, पाऊस ताम्हिणी घाटात कोसळतो, आणि पुण्याच्या वाट्याला वर्षाला जेमतेम 700-750 मिलिमीटर उरतो. खरी मेख दुसऱ्या टप्प्यात आहे: वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते, म्हणून थंड होते. मुलाला शंका येईपर्यंत तो टप्पा पडद्यावरून गेलेला असतो. चार स्थिर चित्रं शेजारीशेजारी ठेवली तर नजर हवी तेव्हा मागे जाते.

अ‍ॅनिमेशनच हवं असेल तर प्रत्येक टप्प्याला थांबवा आणि ‘पुढे’चं बटण मुलाच्या हाती द्या. मेयर आणि चँडलर या संशोधकांनी 2001 मध्ये वीज कशी पडते याची 140 सेकंदांची फीत 16 तुकड्यांत अशीच दाखवली. फीत सलग पाहणाऱ्यांच्या तुलनेत आठवण्यात फारसा फरक पडला नाही. नवे प्रश्न सोडवण्यात पडला. म्हणून तुमची फीत तपासताना व्याख्या विचारू नका. सह्याद्री निम्म्याच उंचीचा असता तर पुण्यात पाऊस वाढला असता की घटला, आणि का, ते विचारा.